पाडणाऱ्यांची वंशावळ

मास्तर गेल्यावर क्लासच्या मुलांनी शोकसभा घेतली. तिघांनी त्यांना ऋषितुल्य म्हटलं. ऋषी मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण तो सकाळी उठून पेज पितो, मोठ्ठी ढेकर देतो आणि शेजारणीच्या केळीला लाथा घालायला निघतो असं कुठल्या पोथीत असेल असं वाटत नाही. मला बोलायला कोणी उठवलं नाही. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस शोकसभेतही घासाघीस सुरू करेल अशी भीती त्यांना वाटली असावी. भीती रास्त होती.

म्हणून इथे लिहितो. मास्तरांनी तीस वर्षं माझं नाव फळ्यावर घेतलं नाही. आधी तो फळा म्हणजे काय ते सांगतो.

जेटीच्या वरच्या अंगाला बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या लांबलचक पडवीत मास्तरांचा किकबॉक्सिंगचा क्लास भरायचा. पडवीच्या टोकाला, भिंतीला टेकून, फुटलेल्या होडीची एक रुंद फळी उभी केलेली होती. तोच फळा. त्यावर नावं लिहायला गावातला होड्या रंगवणारा पेंटर यायचा. त्याला अक्षर एकाच पद्धतीचं येई, होडीच्या नावाचं : जाड, वळणदार, खाली निळी सावली, आणि नावाच्या पुढे एक छोटा मासा. त्यामुळे आमच्या क्लासची वंशावळ लांबून पाहणाऱ्याला समुद्रावर निघालेल्या होड्यांच्या यादीसारखी दिसे.

सगळ्यात वर लिहिलं होतं : ‘बँकॉकचा डावरा. नाव माहीत नाही.’ त्याच्या खाली : ‘जपानी कराटेवाला. नाव विचारायला वेळ मिळाला नाही.’ त्याच्या खाली : ‘यान, हॉलंड, सेकंड इंजिनियर.’ त्याच्या खाली मास्तरांचं स्वतःचं नाव, आणि मग ओळीने शिष्य. प्रत्येक नावापुढे मासा. बँकॉकच्या डावऱ्याच्या पुढेही.

आता कोणीही म्हणेल, ही गुरुशिष्य परंपरा. नव्हे. मास्तरांच्या फळ्यावर शिकवणारा वर आणि शिकणारा खाली असा हिशेबच नव्हता. पाडणारा वर, पडणारा खाली. डाव्या पायाच्या त्या थायी माणसाने जपान्याला पाडलं, जपान्याने यानला पाडलं, यानने मास्तरांना पाडलं.

“शिकवान कोणाक काय येनत नाय,” मास्तर म्हणायचे. “मी तुका धा वर्सां शिकवीन, तू ईसरशीत. पण एकदा नीट पाडलंय तर मरासर ईसरूचंस नाय. जेणा पाडल्यान तो बाप.”

हे सगळं त्यांना यानने सांगितलं होतं. तरुणपणी मास्तर मालवाहू जहाजावर खलाशी होते, यान त्याच जहाजावर. यानला मालवणी येत नव्हती आणि मास्तरांना डच येत नव्हती, म्हणजे एवढा इतिहास एकाने दुसऱ्याला कसा सांगितला हा प्रश्नच आहे. मी तो एकदा विचारला. मास्तर म्हणाले, “मार खाताना भाषा लागना नाय.”

मी धंदेवाला माणूस. माल कुठून आला हे विचारल्याशिवाय घेत नाही. पुढे दोन पैसे हाताशी आल्यावर, आणि मोबाईलवर सगळं दिसायला लागल्यावर, मी किकबॉक्सिंगची पाळंमुळं खणून काढली. मनात हेतू एकच, म्हाताऱ्याची थाप पकडायची. तर निघालं भलतंच. जपानातले कराटेवाले खरोखरच थायलंडच्या मुय थायवाल्यांशी भिडले होते, मार दिला होता, मार खाल्ला होता, आणि घरी जाऊन दोन्हीची खिचडी करून तिला किकबॉक्सिंग नाव दिलं होतं. थायी लोक अजून कुरकुरतात की हे आमचंच आहे. जपान्यांकडून हॉलंडवाल्यांनी उचललं, त्यात बॉक्सिंगचे ठोसे भरले आणि दोन ठोसे वर, एक लाथ खाली मांडीत, असा खाक्या पाडला. मास्तर आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवत होते : दोन वर, एक खाली. थोडक्यात फळा खरा होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मास्तर दिसायला अगदीच चिल्लर. उंची बेताची, पाय बाकदार, अंगात जाळीचं बनियन आणि खाकी अर्धी चड्डी. गळ्यात शिट्टी. तिच्यातला दाणा कधीच हरवला होता, त्यामुळे ती वाजत नसे, नुसती फुसफुसे. तरी त्या फुसफुशीवर तीस-चाळीस मुलं जागच्या जागी थांबायची. ठोसे मारायची पिशवी म्हणजे जुन्या जाळ्यात कोंबलेली नारळाची सोडणं, सुकी सालं. मास्तर तिला अहोजाहो करत. “जरा बाजूक होवा,” असं म्हणून तिच्याखालचा केर काढत.

क्लास सुरू व्हायचा तो गाऱ्हाण्याने. आमच्याकडे शुभकार्य असो, जत्रा असो, की नवी होडी पाण्यात ढकलायची असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी हात लावत नाही. एकाने देवाला हाक मारून सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. मास्तर शहाळं पुढ्यात ठेवून, हात जोडून, डोळे मिटून खड्या आवाजात सुरू करत :

“बा देवा म्हाराजा! बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां लाथाबुक्के करूक उभी रवली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडायचो.

“बँकॉकच्या डावऱ्या म्हाराजा, जेणा जपान्याक पाडल्यान! जपान्या म्हाराजा, जेणा यानाक पाडल्यान! याना म्हाराजा, जेणा माका पाडल्यान!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचा नाक फुटला, कोणाची दाढ हलली, तर ती इडापिडा समुद्रापलीकडे धाड रे म्हाराजा! आणि ह्यो यानान पाडललो मी मास्तर हात जोडून उभो आसंय, माझ्याकडसून काय चुकला तर पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने शेवटी स्वतःला कोणी पाडलं ते सांगायचंच. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हा मास्तरांचा नियम.

आणि यानने त्यांना पाडलं त्या दिवसाचं वर्णन तर आम्हाला पाठ होतं. रॉटरडॅमचं बंदर, माल उतरून झालेला, डेक मोकळा. “ऊन असा कडक,” मास्तर सांगत, “डेकार पापड टाकललो तर भाजलो असतो.” मी एकदा म्हटलं, “हॉलंडात इतक्या ऊन?” तर म्हणाले, “तू गेल्लंस काय थंय?” पडल्यावर यानने त्यांना हात देऊन उठवलं, आपल्या केबिनमध्ये नेलं आणि मांडीची सूज उतरेपर्यंत तीन दिवस स्वतः जेवण आणून दिलं. त्यावरून मास्तरांनी दुसरा नियम काढला : जो पाडेल त्याने उचलायचं.

हा नियम किती लांब जाऊ शकतो हे मला केळीमुळे कळलं.

थायलंडची मुलं केळीच्या खोडावर लाथा मारून नडगी घट्ट करतात, असं मास्तरांना यानकडून समजलेलं. मास्तरांच्या घरामागच्या परड्यात केळ नव्हती. शेजारच्या माईच्या परड्यात रांगच होती. घड काढून झाल्यावर खोड तोडूनच टाकायचं असतं, तेव्हा तसल्या खोडांवर लाथा मारायची परवानगी मास्तरांनी माईकडून मिळवली होती. मी नवा होतो आणि ज्या लादीवाल्या गवंड्याकडे मी कामाला होतो त्याने त्या दिवशी मला चारचौघांत शिवी दिली होती. मी डोक्यात राख घालून गेलो आणि समोर दिसलेल्या पहिल्या केळीवर ती सगळी काढली. केळ आडवी. घडासकट.

माई पदर खोचून पडवीत आली. “मास्तरानू, ह्या मेल्यान माझी व्यालली केळ आडवी केल्यान! ह्येच्या तंगड्येक काय आग लागली काय?”

मास्तरांनी शिट्टी फुसफुसवली. माझ्याकडे वळले. “कोणी पाडल्यान?”

“मी,” मी म्हणालो. तेव्हा मी खोटं बोलत नसे.

“मगे आजपासून तू तिचो बाप. थंय जा, पोरां सांभाळ.”

पोरं म्हणजे केळीच्या बुडाशी आलेली पिल्लं. सबंध उन्हाळा मी रोज कामावर जाण्याआधी माईच्या विहिरीचं पाणी शेंदून त्यांना घातलं. माई पायरीवर बसून मोजायची. “एक कळशी कमी घातलंस रे, लादीवाल्या.” पावसाळ्यानंतर त्यांतल्या एकाला घड आला तर तिने पहिली फणी मला दिली आणि म्हणाली, “घे, नातू झालो तुका.”

आता माझ्या पडण्याकडे येतो. माझ्या तथाकथित पडण्याकडे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. वडील नाहीत, शाळा सुटलेली. लाद्या बसवणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवायचो. मास्तरांकडे सहा-आठ महिने झाले की नारळी पौर्णिमेला प्रत्येक नव्या शिष्याला त्यांच्यासमोर उभं राहावं लागे. एकदाच. पडलास, आणि ‘कोणी पाडल्यान’ या प्रश्नाला ‘तुमी पाडलात, मास्तर’ असं उत्तर दिलंस, की पेंटर रंग घेऊन तयारच असे. नाव फळ्यावर. मुलं त्या दिवसासाठी वर्षभर झुरायची. मीही झुरायचो. माझ्या घरात माझ्या वर कोणाचं नावच नव्हतं. तो फळा मला फार हवासा वाटायचा, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

पण नारळी पौर्णिमेला आणखी एक गोष्ट व्हायची. पावसाळाभर बंद असलेला बर्फाचा कारखाना त्याच सुमाराला सुरू व्हायचा. त्या दुपारी मोसमातल्या पहिल्या बर्फाच्या लाद्या... नाही, बर्फाच्या ढेपा म्हणू, नाहीतर घोटाळा होईल. त्या ढेपा आकड्याने ओढत पडवीतून जेटीकडे नेल्या होत्या. खाली काळी शहाबादी फरशी, पन्नास वर्षं घासून आरशासारखी झालेली. मी लादीत काम करणारा माणूस. ओली शहाबादी म्हणजे काय हे मला त्या पडवीतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

मी दोन वर मारले. मास्तरांनी ते कोपरावर घेतले, त्यांची नडगी माझ्या मांडीत आली, आणि त्याच क्षणाला माझा मागचा पाय सटकला. आधी नडगी की आधी पाय, हे मी तीस वर्षं डोक्यात उलटसुलट फिरवून पाहिलं आहे. असो. मी आडवा होतो. वर मास्तर, हात पुढे केलेला.

“कोणी पाडल्यान?”

“कोणी नाय. लादी वली होती.”

मास्तर म्हणाले, “बरफ कवाच गेलो.”

“बरफ गेलो. पाणी खंय गेला?”

मुलं फिसकन हसली. मास्तरही हसले, पण हात तसाच पुढे ठेवला. मी तो घेतला नाही. स्वतः उठलो. तेव्हा त्यांनी हात मागे घेतला, चड्डीला पुसला आणि पेंटरला सांगितलं, “ह्येचा नाव लिवू नको. ह्येका माझ्यान नाय पाडूक. ह्येचो गुरू लादी.”

झालं. गावाला तेवढंच हवं होतं. मी पुढे स्वतःची लाद्या बसवायची कामं घेतली, मग गोदाम काढलं, आता महामार्गाला माझं टाइल्सचं दुकान आहे, दोन मजली, काचेचं. हे मी हातावर फोड आणून, अर्ध्या कोकणाशी भांडून उभं केलं. पण गावात कोणी म्हणत नाही की गडी मेहनतीने वर आला. म्हणतात, गुरूची कृपा.

मी क्लास सोडायला हवा होता. सोडला नाही, कारण सोडला असता तर म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी जात राहिलो, स्पर्धांत लढलो, मास्तरांना दोन चषक आणून दिले. ते त्यांनी कपाटावर ठेवले आणि त्यांत सुंभाचे गुंडे ठेवायला लागले. आणि दर नारळी पौर्णिमेला मी सौदा करायला बसायचो.

पहिल्या वर्षी म्हटलं, “लिवा, ‘पडला, ओल्या लादीवर’. माझी कबुली आसा.”

“फळ्यार जागा नाय.”

“बारीक अक्षरात लिवा.”

“बारीक अक्षर पेंटराक येनत नाय. तो होडयेची नावां लिवता.”

आणखी एका वर्षी म्हटलं, “सुक्या लादीर परत उभे रवा. आता ह्या घडीक.”

“बाप एकदाच होता रे,” मास्तर म्हणाले. “दर वर्साक नवो करूक नाय.”

मग दुकान निघाल्यावर मी माझ्याकडचं हुकमाचं पान टाकलं. सगळी पडवी खरबरीत, न घसरणाऱ्या टाइल्सने फुकट करून देतो. माल माझा, माणसं माझी. बदल्यात नाव. मास्तर त्यासाठी एसटीने दुकानात आले. आल्या आल्या चपला काढल्या आणि नमुन्याला मांडलेल्या एकेका टाइलवर उभे राहून वर-खाली लाथा झाडायला लागले. तासभर. गिऱ्हाइकं चहा विसरून बघत राहिली. एका बाईने मला हळूच विचारलं, “हे कंपनीचे साहेब का?” शेवटी मास्तर एका करड्या टाइलवर थांबले.

“झकास आसा. ह्येच्यार कोण घसारचो नाय.”

“मगे घालूया?”

“नको. घसारूकच गावला नाय तर पोरगो उभो रवाक कसो शिकतलो?”

मी चिडलो. इतका चिडलो की काउंटरवरचं कॅल्क्युलेटर फेकलं. त्यांनी ते उचलून दिलं, चहा मागितला आणि नीट समजावून सांगितलं, जसं त्यांनी मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नडगी थायलंडची. उभं राहायची शिस्त जपानची. ठोसे आणि मांडीतली लाथ हॉलंडची. “ह्येच्यात मालवणचा काय, सांग बघूया.” त्यांनी आपले बाकदार पाय पुढे केले. “ह्ये. होडयेर उभो रवता तेका वली काय नि सुकी काय? आपला इतक्याच आसा ह्या सगळ्यात. ता मी फरशी घालून बुजवू?”

युक्तिवाद चोख होता. याच माणसाने तो पहिल्याच वर्षी सांगितला असता तर मी कदाचित मानलाही असता. पण मी तोवर बारा वर्षं भांडलेला होतो. बारा वर्षांच्या भांडणावर पाणी कोण सोडतो?

खरा घाव पुढेच होता. माझी लेक पंधरा वर्षांची झाली आणि म्हणाली, मला मास्तरांकडे जायचं आहे. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण बायको ऐकत होती. पुढच्याच नारळी पौर्णिमेला ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मास्तरांची सत्तरी उलटलेली, पण नडगी तीच. पोरगी धपकन पडली. मी ओरडलो, “लादी बघा, लादी!” कोणी लक्ष दिलं नाही.

“कोणी पाडल्यान गो?”

“तुमी पाडलात, मास्तर!” ती हसत हसत म्हणाली, त्यांचा हात धरून उठली, आणि पेंटरने तिथल्या तिथे तिचं नाव लिहिलं. मधलं नाव माझं असतं, तेही त्याने लिहिलं. म्हणजे फळ्यावर माझं नाव आलं ते लेकीच्या नावाच्या मधे, बिनमाशाचं.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच ताट पुढे ठेवत विचारलं, “बाबा, पडलंय तर पडलंय. तेच्यात काय मोठा?” मी लोणचं मागितलं.

आता शेवटचा प्रसंग. दोन वर्षांपूर्वीचा.

मुलांना बाहेरच्या स्पर्धांत उतरायचं तर क्लासला संघटनेची मान्यता हवी, असा नवा नियम झाला. तपासणीला एक साहेब येणार होते. त्यांनी दिवस दिला तो नेमका नारळी पौर्णिमेचा. आणि त्याच्या आठवडाभर आधी मास्तरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभर ओरडून घशात गाठ आली होती. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्द काढायचा नाही. माईने नातवाची जुनी पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मास्तर गळ्यात शिट्टी आणि मांडीवर पाटी घेऊन खुर्चीत बसले. मला मनातून आनंद झाला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी बोलणार होतो आणि त्यांना उलट बोलता येणार नव्हतं.

साहेब इस्त्रीच्या कपड्यातले, सभ्य. त्यांनी अर्ज काढला. “आपल्या शैलीचे मूळ संस्थापक कोण?”

मास्तरांनी फळ्याकडे बोट केलं. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, “बँकॉकचा डावरा. नाव माहीत नाही.” मग खालची ओळ. मग आमच्याकडे पाहिलं. “ही थट्टा आहे का?”

“थट्टा नव्हे, साहेब,” मी पुढे होऊन ऑफिसातल्या मराठीत म्हणालो. “जेवढं खात्रीचं आहे तेवढंच लिहिलेलं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या इतर अर्जांत सगळ्यांची पूर्ण नावं असतील. त्यातली खरी किती, हे एकदा तपासा.”

साहेब जरा नरमले. “ठीक आहे. पण रकाना भरायचा तर परंपरा संस्थेने तोंडी तरी सांगायला हवी. इथे ती रोज म्हटली जाते असं कळलं.”

गाऱ्हाणं! मास्तरांना बोलता येत नव्हतं. पहिल्या फळीतले सगळे दुबईला, मुंबईला, गोव्याला. माझी लेक पुढे झाली. “मी घालतंय गाऱ्हाणा.” मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं. पाटीचं टोक माझ्या दिशेने केलं.

माझ्या लक्षात आलं, मला कोंडीत धरलं आहे. गाऱ्हाण्याच्या शेवटी स्वतःला कोणी पाडलं ते सांगावं लागतं. मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, “आधी नाव लिवतलात काय ता सांगा.”

त्यांनी पाटीवर लिहिलं : ‘आधी गाऱ्हाणा.’

“आधी नाव.”

त्यांनी त्याच दोन शब्दांखाली रेघ ओढली.

“निदान लादीचा नाव काढूक देवा.”

त्यांनी दुसरी रेघ ओढली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चाळीस मुलं हात जोडून उभी होती. मी पुढे झालो नाही तर त्यांना बाहेरच्या स्पर्धांत उतरता येणार नव्हतं, हे मला दिसत होतं. लेक हळूच म्हणाली, “बाबा.”

मी शहाळ्यासमोर उभा राहिलो. बारा-पाचाच्या देवाला हाक घातली. डावऱ्याला, जपान्याला, यानला घातली. मुलांचा होकार पडवीच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. मग माझी ओळ आली.

“आणि ह्या... ह्या मास्तरान...”

‘वल्या लादयेर’ हे दोन शब्द अगदी ओठांवर होते. कोणी अडवलं नसतं. साहेबांना तर कळलंही नसतं. खुर्चीतल्या त्या माणसाकडे पाहिलं. गळ्याला पट्टी, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, आणि माझ्याकडे असा बघत होता जसं माझंच ऑपरेशन व्हायचं आहे. मी ते दोन शब्द गिळले. धंद्यात मी आजवर एक खिळा फुकट सोडलेला नाही.

“...ह्या मास्तरान पाडललो मी, हात जोडून उभो आसंय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असा आवाज झाला की जेटीवरच्या लोकांनी वळून पाहिलं.

मान्यता मिळाली. साहेबांनी रकान्यात ‘परंपरा : मौखिक’ असं लिहिलं आणि शहाळं पिऊन गेले. पेंटरने माझं नाव फळ्यावर घेतलं. त्याचंही आता वय झालं आहे, त्यामुळे माझ्या नावापुढचा मासा खेकड्यासारखा, आमच्याकडच्या कुर्लीसारखा दिसतो. तीस वर्षं थांबून कुर्ली. ही तक्रार मी वेगळी ठेवली आहे.

पण हे सगळं होण्याच्या मधे, मुलं साहेबांना निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेली होती तेव्हा, पडवीत आम्ही दोघंच होतो. मास्तरांनी पेन्सिलीने पाटीवर टकटक केलं. मी वळलो. त्यांनी पाटी माझ्याकडे धरली होती.

‘लादी वली होती.’

मी लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तळव्याने पाटी पुसली आणि घाईघाईने दुसरं लिहिलं.

‘डेक पण.’

तेही पुसलं. रॉटरडॅमचं ते कडक ऊन. तो पापड. इतकी वर्षं मी ऐकत होतो आणि मला, माल ओळखण्यात हयात घालवलेल्या माणसाला, कळलं नव्हतं की न विचारता कोणी इतक्यांदा उन्हाची हमी देत नाही.

“म्हातारड्या,” मी म्हणालो. “ह्या आधी सांगूक काय झाल्ला?”

त्यांनी खांदे उडवले आणि हात पुढे केला. तोच हात, तसाच. या वेळी मी घेतला. खरं तर उठायचं त्यांना होतं, खुर्चीतून, तेव्हा ओढलं मीच.

मुलं परत आली तेव्हा पाटी कोरी होती. मी सगळ्यांना सांगितलं, शपथेवर सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही, आणि मास्तरांनी माझ्यासमोर मान हलवून, नाही, असं काही लिहिलं नाही, अशी खूण केली. पुरावा म्हणून माझ्या तळव्यावर त्यांच्या हाताची पांढरी भुकटी तेवढी लागली होती. दुपारी जेवायला बसताना लेकीने दटावून ती धुवायला लावली.